लग्नाची मान्यता कुणाला बांधते?

इंदूरच्या मराठी घरांत सध्या एक वाद हलक्या आवाजात चालू आहे. मुलगी बंगळुरूला किंवा पुण्याला नोकरी करते, तिथे एकाबरोबर राहते. दोघांचं घरभाडं, किराणा, आजारपण एकत्र झालेलं असतं. दिवाळीला घरी आली की आई म्हणते, ‘‘अगं, दोन अक्षता तरी पडू द्या.’’ मुलगी म्हणते, आमचं एकमेकांवर प्रेम आहे, त्यावर शिक्का कशाला हवा? घर राजेंद्रनगरचं असो की लोकमान्य नगरचं, दोघींच्या मनात एकच गृहीत असतं. लग्नाची मान्यता म्हणजे नातं खरं असल्याचा दाखला, असं आईला वाटतं आणि मुलीलाही वाटतं. एकीला तो हवा आहे, दुसरीला त्याचा अपमान वाटतो, एवढाच फरक.

मला ते गृहीतच चुकीचं वाटतं. महापालिकेची नोंद असो, मंगलाष्टकं असोत की निकाहनामा, त्यातून दोन माणसांची निष्ठा सिद्ध होत नाही. मान्यता बांधते ती बाकीच्या सगळ्यांना: सासरच्यांना, भाऊबंदांना, बँकेला, रुग्णालयाला, पेन्शनच्या बाबूला, न्यायालयाला. या दोघांना एकमेकांचं माना, हे तिने इतरांना सांगायचं असतं. एकमेकांचं व्हायचं काम त्या दोघांनीच करायचं असतं, आणि ते कुणी दुसरा तपासू शकत नाही.

आमच्याच शहरातला एक खटला बघा. शाहबानो बेगम यांचा विवाह १९३२ साली झाला. धर्माच्या किंवा कायद्याच्या दृष्टीने त्यात काहीही उणं नव्हतं. नवरा वकील, पाच मुलं, त्रेचाळीस वर्षांचा संसार. १९७५ मध्ये त्यांना घराबाहेर काढण्यात आलं. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी इंदूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे महिना ५०० रुपये पोटगीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवऱ्याने तलाक दिला. त्याची वर्षाची मिळकत साठ हजारांच्या आसपास असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. ऑगस्ट १९७९ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी पोटगी ठरवली ती महिना २५ रुपये. जुलै १९८० मध्ये उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली आणि त्याविरुद्ध नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी त्याचं अपील फेटाळलं.

पुढचं राजकारण, हा निकाल निष्प्रभ करायला आणलेला १९८६ चा कायदा, मतपेढ्यांची भाषा यावर चाळीस वर्षं लिहिलं गेलंय. मला या खटल्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्रेचाळीस वर्षं त्या लग्नाच्या वैधतेवर कुणीही बोट ठेवलं नव्हतं, तरी ती वैधता नवऱ्याला बायकोशी बांधून ठेवू शकली नाही. मात्र तिने एक काम चोख केलं. घराचं दार बंद झालं त्या दिवशी न्यायालयाचं दार उघडं होतं. लग्न झालेलं होतं म्हणूनच फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, पोटगीच्या कलम १२५ खाली अर्ज करता आला. तीच बाई तोच संसार विवाहाशिवाय करून बाहेर पडली असती, तर १९७८ च्या इंदूरमध्ये तिला कुणी उभं केलं असतं का? लग्नाच्या मान्यतेची किंमत तिथे दिसते, नातं मोडल्यावर. नातं चांगलं चाललेलं असताना तिचं काम क्वचितच पडतं.

याच्या उलट टोकाचं एक लग्नही इंदूरचंच. महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी १९२६ मध्ये गादी सोडली आणि १९२८ च्या मार्चमध्ये सिएटलच्या नॅन्सी मिलरशी लग्न केलं. त्यासाठी किती मान्यता गोळा कराव्या लागल्या! आधी नाशिकला शंकराचार्य कुर्तकोटी यांच्या हस्ते तिचा हिंदू धर्मात प्रवेश झाला आणि शर्मिष्ठा हे नाव मिळालं. हिंदू झाली तरी जात हवीच, म्हणून धनगर समाजात सामावून घेण्याचा विधी झाला. मग नर्मदेकाठी बडवाहला लग्न लागलं. महाराजांना आधीच्या राण्या होत्या आणि तेव्हाच्या हिंदू रिवाजात त्याची अडचण नव्हती. जगभरच्या वर्तमानपत्रांनी हे लग्न गाजवलं. पण वर्तमानपत्रं विसरून गेल्यावरही ते नातं चालू राहिलं. चार मुली झाल्या. १९७८ साली तुकोजीराव वारले, तोवर पन्नास वर्षं.

आता हेच लग्न, याच विधींनी, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंतर झालं असतं तर? आधीची पत्नी हयात असताना केलेलं दुसरं लग्न म्हणून ते शून्य ठरलं असतं. माणसं तीच, सहवास तोच, मुली त्याच, बदलली असती ती केवळ कायद्याची तारीख. एकपत्नीत्वाचा कायदा व्हायलाच हवा होता, पहिल्या राण्यांचं काय झालं असेल या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होतं. पण म्हणूनच मान्यतेला निष्ठेचं माप समजू नये. कायदा ठरवतो ते समाजाने कोणत्या नात्याचं ओझं उचलायचं एवढंच, आणि ते ठरवताना त्याला इतर अनेकांचा न्याय पाहावा लागतो.

विधी मोठा की नोंद, हाही वाद आपल्याकडे अजून मिटलेला नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दोन वैमानिकांचं प्रकरण आलं. २०२१ मध्ये एका संस्थेकडून प्रमाणपत्र घेऊन त्यांनी विवाहाची नोंदणी केली होती, विधी मात्र झालेच नव्हते. न्यायालयाने सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न विधीशिवाय लागत नाही, नोंदणी हा झालेल्या लग्नाचा पुरावा असतो, नोंदणीने लग्न निर्माण होत नाही. दोघं कधी पतीपत्नी नव्हतेच असं जाहीर झालं. आणि १९७८ मध्ये याच न्यायालयासमोर याच्या उलट प्रसंग होता. सुमारे पन्नास वर्षं नवराबायको म्हणून राहिलेल्या जोडप्याच्या लग्नाचा पुरावा विरुद्ध पक्ष मागत होता. अर्ध्या शतकानंतर भटजी आणि साक्षीदार कुठून आणायचे, असा न्यायालयाचा रोख होता, आणि दीर्घ सहवासावरून लग्न झाल्याचं गृहीत धरलं गेलं. एका जोडप्याकडे कागद होता आणि लग्न नव्हतं. दुसऱ्याकडे कागद नव्हता आणि लग्न होतं. दोन्ही निकाल कायद्याच्या दृष्टीने मला पटतात. पण या चौघांचं एकमेकांवर किती मन होतं, हे दोन्ही खटल्यांत ठरवायचा प्रश्नच नव्हता.

धार्मिक विधीचं काय? तो ईश्वरासमोरचा शब्द असतो, असं मानणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. माझ्या घरातली लग्नंही अंतरपाट धरूनच लागली आणि सप्तपदीच्या सातव्या पावलाला ‘सखा’ म्हणतात हे मला आजही सुंदर वाटतं. तरी विधीची रचना बारकाईने बघा. कन्यादानाच्या वेळी मुलीचा बाप म्हणतो, धर्मात, अर्थात आणि कामात हिचं उल्लंघन करू नकोस. वर म्हणतो, ‘नातिचरामि’. शब्द दिला जातो सासऱ्याला. ज्या मुलीबद्दल दिला जातो ती शेजारी बसलेली असते आणि तिला काही विचारलेलं नसतं. म्हणजे धर्मविधीतही दोन घरांमधला करार आणि दोघांचं एकमेकांना दिलेलं वचन हे वेगळे धागे आहेत, आणि पहिला अधिक जाड आहे. महात्मा फुले यांना हे खटकलं होतं. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न पुरोहिताशिवाय लागलं आणि त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधूवर थेट एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांचं बोलते, वर ते मान्य करतो. पुरोहितांनी त्या लग्नांविरुद्ध कोर्टकचेऱ्या केल्या, पण न्यायालयात अखेर ती लग्नं ग्राह्य ठरली. ‘भटजीशिवाय लागलेलं लग्न खरं कसं?’ हा प्रश्न आज आपल्याला पोरकट वाटतो. दीडशे वर्षांपूर्वी सुशिक्षित माणसं तो फार गंभीरपणे विचारत होती.

इथे आईच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो मी हलका मानत नाही. चार माणसांत दिलेला शब्द मोडताना माणूस दहादा विचार करतो. वाईट वर्ष येतं, नोकरी जाते, मूल आजारी पडतं, एकमेकांचं तोंड बघवत नाही. अशा वेळी लग्न झालेलं आहे एवढ्या एका कारणाने माणसं थांबतात आणि पुढच्या वर्षी त्यांना थांबल्याचं समाधान वाटतं. मी अशी घरं जवळून पाहिली आहेत. पण त्याच चार माणसांनी मार खाणाऱ्या मुलीलाही ‘थोडं सोस’ म्हणून परत पाठवलेलं पाहिलं आहे. लोकलाज माणसाला घरात ठेवते. घरात राहिलेला माणूस मनाने राहिलाच असेल, असं तिच्यावरून म्हणता येत नाही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला हॉलमध्ये हार घालून घेणाऱ्या जोडप्यांत दहा वर्षं एकमेकांशी न बोललेली जोडपीही असतात, आणि त्यांच्या नात्याच्या खरेपणाबद्दल कुणी कधी दाखला मागत नाही.

मुलीच्या बाजूला मात्र मी जास्त काळजीने बोलेन, कारण तिला होणारं नुकसान तिला अजून दिसलेलं नाही.

इंदूर अवयवदानासाठी देशभर ओळखलं जातं. रस्ते मोकळे करून, ग्रीन कॉरिडॉर करून अवयव विमानतळावर पोचवल्याच्या बातम्या आपण अभिमानाने वाचतो. त्यामागचा १९९४ चा कायदा ‘जवळचे नातेवाईक’ कोण हे ठरवून देतो: पती किंवा पत्नी, मुलं, आईवडील, भाऊबहीण, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजीआजोबा व नातवंडं. समजा, दोन माणसं वीस वर्षं एकत्र राहिली. एकाची मूत्रपिंडं निकामी झाली आणि दुसऱ्याने आपलं एक देऊ केलं. निष्ठेचा याहून मोठा पुरावा मला सुचत नाही. पण लग्न नसेल तर कायद्याच्या लेखी तो देणारा परका आहे. त्याला प्राधिकरण समितीपुढे जाऊन सिद्ध करावं लागतं की हा व्यवहार पैशाचा नाही. आणि मेंदूमृत घोषित झालेल्या जोडीदाराचे अवयव द्यायचे की नाही हे विचारायची वेळ आली, तर संमती विचारली जाते ती दहा वर्षं न भेटलेल्या भावाला.

विम्याचंही तसंच. नॉमिनी म्हणून जोडीदाराचं नाव टाकलं की झालं, असं मुलं समजतात. २०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानुसार पैसा स्वतःच्या हक्काने मिळणारे नॉमिनी म्हणजे आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुलं. इतर कुणी नॉमिनी असला तर तो रक्कम स्वीकारतो, पण वारस तिच्यावर दावा सांगू शकतात. लग्न न करता राहायचं ठरवलेल्यांनी दुसऱ्याच दिवशी मृत्युपत्र करावं. हे रुक्ष वाटेल, पण ज्या प्रेमाला शिक्का नको त्याने निदान इतकी दक्षता घ्यावी, कारण तोटा बहुतेक वेळा दोघांतल्या कमी कमावणाऱ्याचा होतो, आणि ती बहुतेक वेळा बाई असते.

म्हणजे लग्न करा, हा माझा सल्ला आहे का? ज्यांना करता येतं आणि ज्यांच्या मनात त्याबद्दल अढी नाही, त्यांना हो. पण ज्यांनी केलं नाही किंवा ज्यांना करू दिलं गेलं नाही, त्यांची प्रतवारी लावण्याची आपली सवय मला छळते. ही सवय नवी नाही. महाराष्ट्रात विधवेचा ‘पाट’ म्हणजे पुनर्विवाह लागायचा, माळव्यात तसाच ‘नातरा’ असतो. अनेक जातींत ते रीतसर होतं, तरी पाटाची बायको लग्नाच्या बायकोच्या एक पायरी खालीच राहिली. विधी कमी म्हणून मान कमी. आज तीच पायरी सरकारी अर्जांत दिसते. मध्य प्रदेशात २०२३ पासून लाडली बहना योजना आहे. सुरुवातीला महिना १००० रुपये होते, पुढे रक्कम वाढली. विवाहित, विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता अशा स्त्रिया तिला पात्र आहेत. नवऱ्याने टाकलेली बाईही पात्र आहे, हे चांगलंच आहे. पण कधी लग्नच न झालेली, कुणाबरोबर पंधरा वर्षं संसार करून एकटी पडलेली बाई यांतल्या कोणत्या रकान्यात बसते? गरज तीच, वय तेच, आणि दार बंद.

कायद्याने हे दार थोडं उघडलं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने ‘विवाहाच्या स्वरूपाचं नातं’ मान्य केलं. पण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अठरा वर्षं एका पुरुषाबरोबर राहिलेल्या बाईला या कायद्याचं संरक्षण नाकारलं, कारण तो विवाहित आहे हे तिला ठाऊक होतं. पहिल्या पत्नीवर अन्याय नको म्हणून हे समजण्यासारखं आहे. तरी त्या अठरा वर्षांचा सगळा हिशेब त्या बाईच्याच पदरात पडला आणि पुरुष मोकळा राहिला. अशा बायकांसाठी संसदेने काही करावं, असं त्या निकालातच सुचवलं होतं. अजून काही झालेलं नाही.

उत्तराखंडने २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू केली आणि एकत्र राहणाऱ्यांनी महिन्याच्या आत नोंद करावी, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, असा नियम केला. टाकून दिलेल्या स्त्रीला पोटगी आणि मुलांना औरसपणा या त्यातल्या तरतुदी मला मोलाच्या वाटतात. पण कैद कशासाठी? मान्यता हा माणसाचा हक्क असावा, त्याने मागितल्यावर मिळावा. कैदेच्या धाकाने नोंदवलेलं नातं पोलिसांच्या वहीत जातं, आणि घरच्यांपासून पळालेल्या दोघांसाठी ती वही म्हणजे थेट धोका आहे.

ज्यांना मान्यता हवी आहे आणि मिळत नाही, त्यांच्याबद्दल तर आपण बोलतच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क नाकारला. शाहबानो खटल्याचा निकाल लिहिणाऱ्या यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते आणि निदान नागरी सहजीवनाला मान्यता द्यावी या मताच्या अल्पमतात होते. रेशन, बँक खातं, पेन्शन अशा व्यावहारिक अडचणींसाठी सरकारने समिती नेमावी, एवढं ठरलं. या जोडप्यांना सरकारकडून प्रेमाचं प्रशस्तिपत्र नको आहे. अतिदक्षता विभागाच्या दारावर ‘तुम्ही पेशंटचे कोण?’ या प्रश्नाला चालेल असं उत्तर हवं आहे.

आणि वेगळ्या धर्माच्या दोघांसाठी जो सरळ रस्ता आहे, त्यावर आपणच काटे पसरले आहेत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात दर्शनी जागी लागते आणि दोघांपैकी कुणाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिची प्रत तिथेही जाते. म्हणजे बंगळुरूत लग्न करणाऱ्या इंदूरच्या मुलीचं नाव इंदूरच्या फलकावर झळकतं. धर्म बदलून लग्न करावं म्हटलं, तर मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्मांतराची साठ दिवस आधी सूचना देण्याची अट आहे. जातीतल्या जातीत, मांडवात लग्न करणाऱ्या कुणाला कधी अशी महिनाभर लोकांच्या हरकतींची वाट पाहावी लागली आहे का? शपथपत्र आणि वयाचा, आधीच्या लग्नाचा पुरावा घेतला की अधिकाऱ्याचं काम संपायला हवं. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस जाहीर करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. ती सवलत देशभर लागू करायला संसदेला त्या कायद्याची दोन-तीन कलमं बदलावी लागतील. अवयवदानाच्या कायद्यातल्या ‘जवळच्या नातेवाईकां’त आणि विम्याच्या हक्काच्या नॉमिनींत, माणसाने स्वतः लेखी नेमलेल्या एका व्यक्तीची भर घालायला आणखी दोन दुरुस्त्या. त्यात कुठल्याही धर्माच्या विधीला हात लावावा लागत नाही आणि कुणाच्या प्रेमाची परीक्षाही घ्यावी लागत नाही.